लंगड्या कासवाची तिसरी आवृत्ती

सर्बियातल्या पिरोत गावात कुणाचं कुणाशी भांडण आहे हे विचारावं लागत नाही. बेकरीपुढच्या रांगेत कोण कुणाच्या मागे उभं राहत नाही ते पाहिलं की कळतं. विदा गेली वीस वर्षं बुदिमिर मास्तरांच्या मागे उभी राहिली नव्हती. ते आधी आलेले दिसले की ती समोरच्या दुकानाच्या काचेत चपला बघत थांबायची. त्या दुकानात आता चपला मिळत नव्हत्या, मोबाइल मिळत होते. तरी थांबायची.

विदा एकसष्ट वर्षांची. लायब्ररीच्या अंगणाला लागून तिची किलीम, म्हणजे नक्षीच्या लोकरी सतरंज्या, विणायची खोली होती. तीन उभे माग, लोकरीच्या लडींची फडताळं, आणि स्तामेंका नावाची एक जुनी विणकरीण, जिचे हात जितके चालत त्याहून तोंड जास्त चालायचं. कोपऱ्यात पिवळट पडलेला एक संगणक होता. त्यावर एकच प्रोग्राम चालायचा, 'किलीम २'. शाळेत गणित शिकवणाऱ्या बुदिमिर मास्तरांनी तो नव्व्याण्णव साली विदासाठी लिहिला होता. कुठल्या ओळीत कुठल्या रंगाचे किती धागे हे त्यात भरायचं आणि विणताना कागदावर छापून समोर टांगायचं. मास्तरांशी बोलणं बंद झालं तरी त्यांचा प्रोग्राम विदानं बंद केला नव्हता. माणूस वाईट म्हणून त्याची शिडी टाकून द्यायची नसते, असं ती म्हणायची.

सप्टेंबरात नोवी सादहून दुन्या नावाच्या मुलीचा फोन आला.

"काकू, माझ्या आजीनं तुमच्या आईकडून किलीम घेतला होता. मधोमध कासवं असलेला. आमच्याकडे नळ फुटला, आम्ही गावाला गेलेलो, तीन आठवडे पाण्यात भिजून सगळा कुजला हो."

"कासवांचे किलीम आमच्याकडे पुष्कळ आहेत, बाळ."

"तसलं नाही. त्यातलं एक कासव लंगडं होतं. मी लहानपणी त्याच्या पायाला पट्टी बांधायचे. मे महिन्यात माझं लग्न आहे आणि मला तेच कासव घरात हवंय."

विदा हातातली फणी खाली ठेवून स्टुलावर बसली. "फोटो आहे का?"

"ढीगभर आहेत. पण प्रत्येक फोटोत त्या कासवावर कुणीतरी बसलंय."

ते कासव विदाला न आठवून कसं चालेल! तिच्या आईच्या परसात खरोखरच एक कासव होतं. कांदे खुरपताना आईच्याच हातून त्याचा पुढचा उजवा पाय अर्धा तुटला होता. तरी ते पठ्ठं पंधरा वर्षं तिथेच राहिलं, आणि कोबी खाऊन आईचा सूड घेत राहिलं. आईनं शेवटचा मोठा किलीम विणला तेव्हा आठ कासवांपैकी एक तसंच्या तसं, आखूड पायाचं काढलं. तो किलीम पुरा होईतो आईची नजर गेली. किलीम विकायच्या आधी, २००१च्या हिवाळ्यात, ती बोटांनी धागे चाचपून मोजायची आणि विदा एकेक आकडा संगणकात भरायची. पुढच्या हिवाळ्याला आई नव्हती.

"नमुना आहे माझ्याकडे," विदा फोनवर म्हणाली. "मेच्या आधी मिळेल तुला."

आणि ती संगणक लावायला गेली, तर आतून कॉफी दळल्यासारखा आवाज आला, आणि पडदा काळा तो काळाच.

"ह्याला डॉक्टर नको, पाद्री बोलव," स्तामेंका मागावरून म्हणाली.

विदानं पाद्री नाही, झागोर्काला बोलावलं. झागोर्का लायब्ररीची ग्रंथपाल. पन्नाशीला आलेली, चष्मा केसात खोचून चष्मा शोधणारी. लायब्ररीत चार नवे कोरे संगणक आले होते, त्यांवर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि ते कसं चालवायचं हे शिकवायला कुणी न आल्यामुळे झागोर्का आपली आपणच शिकली होती. तिनं पेटी उघडली, धूळ फुंकली, जुनी डिस्क बाहेर काढून आपल्या संगणकाला जोडली. डिस्क कुरकुरत फिरली. प्रोग्राम आणि नमुने नव्या संगणकावर उतरले, आणि मग टक्क आवाज करून डिस्क कायमची गप्प झाली.

"गेली," झागोर्का म्हणाली. "पण हातातलं देऊन गेली, विदाताई. शहाणी होती."

लायब्ररीतल्या नव्या, आरशासारख्या लख्ख पडद्यासमोर दोघी बसल्या. पाठोपाठ स्तामेंकाही लोकरीचा गुंडा काखेत मारून आली. मजा चुकवायची तिला सवय नव्हती. झागोर्कानं 'किलीम २'वर दोनदा टिचकी मारली. काही झालं नाही.

"हा विंडोजचा प्रोग्राम. लिनक्सला त्याची भाषा कळत नाही," झागोर्कानं समजावलं. "मध्ये दुभाष्या लागतो. तो ह्याचं बोलणं त्याला सांगतो, त्याचं ह्याला. ह्या दुभाष्याचं नाव वाईन."

"म्हणजे दारू पाजल्यावर बोलणार?" स्तामेंका म्हणाली. "तर मग आमच्या घरात दोन लिनक्स आहेत."

झागोर्कानं वाईन बसवलं. पुन्हा टिचकी मारली. आणि खिडकी उघडली! तोच राखाडी चौकोन, तीच वरच्या कोपऱ्यातली लाल वेलबुट्टी. विदानं खुर्ची पुढे ओढली. पण अक्षरं? अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. डोक्यापासून पायापर्यंत प्रश्नचिन्हं, वर्गात न अभ्यासलेला प्रश्न विचारल्यावर पोरं जशी बघतात तशी.

"थांबा, थांबा. ह्याला वाटतंय आपण परदेशी," असं म्हणत झागोर्कानं एक ओळ लिहिली, आपण सर्बियातले, सिरिलिक लिपीत लिहिणारे, असं त्याला बजावलं आणि पुन्हा उघडलं. प्रश्नचिन्हं गेली. अक्षरं आली. आणि अक्षरं म्हणत होती:

'हा संगणक माझ्या ओळखीचा नाही. आकडा: ४८१७२६. उत्तर बुदिमिर मास्तरांना विचारा.'

स्तामेंकानं गुंड्यात तोंड खुपसून हसू दाबलं.

"दुसरा काही उपाय?" विदानं विचारलं.

"आहे," झागोर्का म्हणाली. "मी दोन-तीन महिने डोकं लावून हे कुलूप फोडू शकेन. किंवा तुम्ही दोन गल्ल्या चालत जाऊ शकता."

ते भांडण असं होतं. २००३ साली गावच्या कलाभवनात प्रदर्शन भरलं. मास्तरांनी विदाकडून आईचा नमुना घेतला आणि मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावला. विदा फुलं घेऊन आत शिरली आणि पाहते तर काय, आठही कासवं धडधाकट! चार-चार पाय, शिस्तीत, कवायतीला उभी. मास्तरांच्या प्रोग्रामला सगळं दोन्ही बाजूंनी सारखं असावं असं वाटे, म्हणून तो डावी बाजू घेऊन उजवीकडे तिचंच प्रतिबिंब काढायचा. विदानं अख्ख्या गावासमोर विचारलं, "माझ्या आईच्या कासवाला पाय चिकटवणारे तुम्ही कोण?" मास्तर नाक वर करून म्हणाले, "भूमितीत लंगडं काही नसतं." विदानं ती फुलं त्यांच्या पायाशी टाकली. तो नमुना तिनं पुन्हा कधी उघडला नाही, आणि मास्तरांशी ती पुन्हा कधी बोलली नाही.

मास्तर अंगणात मिरच्या भाजत होते. त्या आठवड्यात सगळं गावच मिरच्या भाजत होतं, धुरानं रस्ते खोकत होते. मास्तरीणबाई नातवंडांकडे नीशला गेल्या होत्या, त्यामुळे मास्तर एकटेच, काळ्याकुट्ट बोटांनी सालं काढत बसले होते. फाटक वाजलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

"आज रांग नाही म्हणून आलीस?"

"आकडा आणलाय," विदा म्हणाली. "चार लाख एक्क्याऐंशी हजार सातशे सव्वीस."

मास्तरांचा हात थांबला. "नवा संगणक घेतलास?"

"लायब्ररीचा आहे. आणि त्याच्यावर विंडोज नाही."

"मग माझा प्रोग्राम बोललाच कसा?"

"वाईन घातली."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "विदा, सकाळचे दहा वाजलेत."

"तशी वाईन नाही हो! दुभाष्या आहे तो. झागोर्काला विचारा. मला उत्तर द्या, मी जाते."

मास्तरांनी मिरच्यांखालचं वर्तमानपत्र ओढलं, काळ्या बोटानं आकडा लिहिला. "उलटा करायचा. सहा लाख सत्तावीस हजार एकशे चौऱ्याऐंशी. त्यातून तुझ्या मोठ्या मागाचे ताण्याचे धागे वजा करायचे. किती?"

"पंधराशे साठ."

"मोठा माग अजून तोच आहे म्हणजे." त्यांनी उत्तर लिहून तो तुकडा फाडून दिला. "कशाला हवाय नमुना?"

"गिऱ्हाईक आहे," विदा म्हणाली. आईचं नाव तिनं काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मात्र ती फाटकाबाहेर पडली तेव्हा मागून बादली ओतल्याचा आवाज आला. मिरच्या अर्ध्या राहिल्या असताना मास्तर हात धूत होते.

६२५६२४. झागोर्कानं आकडा टाकला आणि कुलूप उघडलं. विदानं स्वतःच्या हातानं यादीतलं 'आई' असं नाव निवडलं. आठ कासवं पडद्यावर आली. आठही धडधाकट. पाय फक्त भिंतीवरच्या त्या कागदावर चिकटवले असतील, असं विदा इतकी वर्षं धरून चालली होती.

विदाचे कान तापले. तिनं खुर्ची मागे सरकवली, ओढणीच्या टोकाला नाक पुसलं, आणि पुन्हा निघाली. स्तामेंका मागून ओरडली, "फुलं देऊ का बरोबर?"

लांब जावंच लागलं नाही. मास्तर लायब्ररीच्या फाटकातच उभे होते. अंगावर इस्त्रीचा कोट, केस ओले करून विंचरलेले, काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"चार पाय!" विदा कडाडली. "अजून चार पाय! वीस वर्षांत तुम्हाला—"

"हेच ओरडायला कधी येतेस याची वाट बघत होतो," मास्तर म्हणाले. "फार वेळ लावलास."

"मला ते आखूड पायाचं कासव पाहिजे, मास्तर. माझ्या आईनं तो पाय बोटांनी मोजून सांगितला होता. आणि तुम्ही पुसलात."

"मी तुझा एक धागा पुसला नाही, विदा." मास्तरांचा आवाज उतरला. "तू भरलेलं सगळं त्या फाइलमध्ये आहे. दुसरी आवृत्ती उजवी बाजू नुसती झाकायची आणि तिथं डाव्या बाजूचा आरसा दाखवायची. प्रदर्शनाच्या दिवशी घरी गेलो, आणि रागाच्या भरात, तू चूक आहेस हे सिद्ध करायला म्हणून तुझे आकडे काढून बसलो. सात कासवं बरोबर. आठव्याचा पाय सहा ओळींनी आखूड. प्रत्येक ओळ नेटकी, एकही धागा सैल नाही. चूक अशी नेटकी नसते. ते मुद्दाम होतं." त्यांनी डबा उघडला. आत दोऱ्याची रिळं होती, सुया होत्या आणि कागदी पाकिटात एक सीडी. पाकिटावर शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'किलीम ३'. "पंधरा दिवसांत तिसरी आवृत्ती लिहिली. आरसा काढून टाकला."

"मग दिली का नाही?"

"ह्या आवृत्तीला जगात एकच गिऱ्हाईक होतं," मास्तर म्हणाले, "आणि ते दुकानाच्या काचेत चपला बघत होतं."

विदाला हसू यायला नको होतं. आलं. ते दाबायला तिनं डब्यातलं एक रीळ उचलून उगाच दोरा तपासला. "कसला भिकार दोरा वापरता," ती म्हणाली. "चला आत."

आत गेल्यावर मात्र मास्तरांचा ताठा उतरला. तिसरी आवृत्ती उघडायच्या ऐवजी पडद्यावर एक चौकट आली की अमुक एक फाइल सापडत नाही. मास्तर ते वाक्य वाचत राहिले, आणि निकालाच्या दिवशी नापास पोराचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"ती फाइल त्या वेळी प्रत्येक विंडोजमध्ये असायचीच," ते पुटपुटले. "सोबत द्यायची असते हे मला सुचलंच नाही. माझी चूक."

"पुन्हा म्हणा," विदा म्हणाली.

"काय?"

"शेवटचं. स्तामेंकाला ऐकू आलं नाही."

"मला ऐकू आलं," स्तामेंका म्हणाली, "पण पुन्हा ऐकायला माझी हरकत नाही."

"माझी चूक!" मास्तर ओरडले आणि वाचनकक्षात पेपर वाचणारे दोन म्हातारे दचकले.

झागोर्का तोवर कामाला लागली होती. असल्या हरवलेल्या फाइली गोळा करून आणणारं एक साधन वाईनसोबत मिळतं. तिनं त्याला नाव सांगितलं, ते गेलं, पाच मिनिटांत घेऊन आलं. मास्तर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "हे कोण लोक लिहितात?" त्यांनी विचारलं. "आमचे जुने प्रोग्राम चालावेत म्हणून कोण एवढं झिजतं?"

"जगभरातली माणसं. पुष्कळशी फुकट."

"मास्तर असणार," बुदिमिर म्हणाले. "दुसरं कोण असं करेल!"

तिसरी आवृत्ती उघडली, पण केवढी! टपालाच्या तिकिटाएवढी. नवा पडदा इतका बारीक विणलेला की जुन्या प्रोग्रामचा चौकोन त्याच्या कोपऱ्यात मुंगीसारखा बसला. झागोर्कानं वाईनला सगळं दुपटीनं मोठं दाखवायला सांगितलं. चौकोन फुगला, फुगला आणि पडदाभर पसरला. लाल जमीन, निळी कड, आठ कासवं. खालच्या ओळीतलं उजवीकडचं कासव थोडं कललेलं. पुढचा पाय आखूड.

विदानं पडद्यावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. आई मोजायची तशी, पाच-पाच धाग्यांच्या पुंजक्यांनी. स्तामेंकानं मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे गावाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखं होतं. शेवटच्या पुंजक्याला विदा थांबली.

"हेच," ती म्हणाली. "हेच ते कोबीचोर."

मास्तरांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

नमुना एकोणीस कागदांवर छापून निघाला. जुन्या संगणकाला असायचा तसा घरघरणारा छपाईयंत्राचा आवाज नाही, म्हणून मास्तरांना प्रत्येक कागद हातात घेतल्याशिवाय खरं वाटेना. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मोठ्या मागावर ताणा चढला. हिवाळाभर विदा आणि स्तामेंका शेजारी-शेजारी बसून विणत होत्या, आणि मास्तर आठवड्यातून दोनदा येऊन मागे उभे राहून मोजत होते.

"बावन्न," ते म्हणायचे.

"पन्नास," विदा म्हणायची.

"छापलंय बावन्न."

"पन्नास, कारण दोन मी नंतर घेणार आहे. तुमच्या प्रोग्रामला हात नाहीत, मला आहेत."

एप्रिलच्या अखेरीला किलीम मागावरून उतरला. दुन्या आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन स्वतः न्यायला आली. तिनं चपला काढल्या, गुडघ्यांवर बसली आणि सरळ त्या एका कासवाकडे रांगत गेली. नवरा मुलगा बाजूला उभा राहून आपण नक्की कुणाशी लग्न करतोय याचा विचार करत होता. स्तामेंकानं त्याच्या हातात कॉफी दिली आणि म्हणाली, "घाबरू नकोस, चावत नाही. कासवही."

पण त्याआधीच, हिवाळ्यातच, ही बातमी गावभर झाली होती. लायब्ररीत वाईन घालून जुने प्रोग्राम उठवतात म्हणे. पहिला आला जनावरांचा डॉक्टर. त्याची एकवीस वर्षांची गुरांची नोंद एका प्रोग्राममध्ये अडकली होती. मग बसस्थानकावरची बाई आली, मग चर्चमधल्या गायकवृंदाचा म्होरक्या स्वरलिपीचा प्रोग्राम घेऊन आला. झागोर्का एकटीला झेपेना. तेव्हा तिनं दारावर पाटी लावली: 'शनिवारी दहा ते एक. जुने प्रोग्राम. मास्तर बुदिमिर.'

मेमधल्या एका शनिवारी विदा चीज भरलेला, पापुद्र्यांचा गरम बुरेक घेऊन लायब्ररीत गेली. मास्तर खुर्चीवर, समोर तिहोमिर नावाचा मधमाश्यावाला टोपी हातात धरून उभा. त्याच्या पोळ्यांचा प्रोग्राम उघडला होता, अक्षरंही नीट आली होती, पण एक चौकट आडवी येऊन बसली होती.

"हा सांगतोय की हे लिहिणाऱ्याला फोन करा," मास्तर म्हणाले. "कुणी लिहिलं होतं?"

"माझ्या मेव्हण्यानं," तिहोमिर म्हणाला आणि टोपी कडेनं धरून गोल गोल फिरवायला लागला.

"मग कर की फोन."

"आमचं बोलणं नाही. एक कुंपण होतं..."

मास्तरांनी विदाकडे पाहिलं. विदानं बुरेक टेबलावर ठेवला, सुरीनं चार तुकडे केले, एक कागदात गुंडाळला आणि तिहोमिरच्या हातात कोंबला.

"गरम आहे तोवर जा," ती म्हणाली. "आणि आरडाओरडा करायचा असेल तर आत जाऊन कर, फाटकात नको. लोक ऐकतात."